काखेखालची रेघ

१

बाह्या लावायच्या दिवशी आगोतच्या वाटेला कुणी जात नसे. विणताना ती बोलायची, रेडिओ ऐकायची, चुलीवर बटाटे टाकून विसरूनही जायची. पण बाह्या लावायला बसली की तोंडाला कुलूप आणि कपाळाला आठ्या. दरीतल्या सगळ्याच बायकांची ही गत होती. काळ्या लोकरीवर पांढरे ठिपके टाकत मजेत विणत बसायचं (त्या ठिपक्यांना इथे सगळे उवाच म्हणतात, आणि जेवतानाही बिनदिक्कत म्हणतात) आणि शेवटी बाह्यांपाशी येऊन स्वतःच्या नशिबाला बोल लावायचा. आगोतची नणंद बिर्गित म्हणायची, विणकाम देवाने शिकवलं, पण बाह्यांच्या वेळी तो कुठेतरी बाहेर गेला होता.

स्वेटरचं अंग सलग विणतात, पोत्यासारखं. त्याला हातांसाठी भोकं नसतात. विणून झालं की मुंढे जिथे यायचे तिथे दोऱ्याने खूण करायची, खुणेच्या दोन्ही बाजूंना मशीनवर टीप मारायची, आणि मग श्वास रोखून आपल्याच हाताने विणलेल्या कापडात कात्री घालायची. एकदा कापलं की कापलं. त्या भोकात बाही बसवायची, बाहीच्या टोकाला जादा विणलेली पट्टी आत दुमडून कापलेली कड झाकायची आणि काळ्यावर काळा दोरा घालत, एकेक टाका चाचपत, गोल फिरून यायचं. एका बाजूला जरा ताणलं तर दुसऱ्या बाजूला फुगा येतो. फुगा मोडावा तर खांदा चढतो. उसवावं तर दोरा कुठला आणि लोकर कुठली, हे दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती रेघ. मनगटाकडून वर विणत येताना बाही रुंद करावी लागते. वाढवलेले टाके एकाखाली एक येतात आणि उवांच्या रांगा तिथे मोडतात. ही मोडलेली रेघ काखेखाली, हाताच्या आतल्या अंगाला लपली पाहिजे. नवी नवरी असताना आगोतने ती एकदा वरच्या बाजूला लावली होती. सासूने स्वेटर उजेडात धरून सगळ्यांसमोर हसत म्हटलं होतं, "सूनबाईंनी हा कुणासाठी केलाय? उलटा चालतो वाटतं तो." त्या हसण्याने आगोतचे कान अजूनही तापत. त्यानंतर ती चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

त्या दिवशी तिने शेवटचा दोरा आत ओवून तोडला आणि नवऱ्याला हाक मारली. ओस्मुन आला, मुकाट्याने हात वर करून उभा राहिला. तिने स्वेटर डोक्यावरून खाली ओढला, खांदे नीट केले आणि मागे सरून बघितलं.

रेघ वर होती. खांद्यापासून मनगटापर्यंत, हाताच्या बाहेरच्या अंगाने, उवांच्या रांगा मोडत सरळ खाली आलेली. दोन्ही हातांवर.

२

"आई असती तर बोलली असती," ओस्मुन हसून म्हणाला.

आगोतही हसली. तिला जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं झाली तरी याला ती गोष्ट आठवते म्हणजे माणूस ठिकाणावर आहे. डोंगरावरून आल्यापासून ती अशा बारीकसारीक खुणा गोळा करत होती, हे तिने स्वतःशीही अजून कबूल केलं नव्हतं.

मेंढ्या खाली आणायच्या दिवसांत ओस्मुन वर गेला आणि धुक्यात इतरांपासून सुटला. रात्रभर सापडला नाही. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा वर जायला निघाले तेव्हा तो आपला आपण उतरून आला, मेंढ्या नाहीत, अंगात नुसता सदरा. स्वेटर ओला झाला म्हणून वरच टाकला, म्हणाला. कुणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकली; पण तो कुडकुडत नव्हता. आगोतने त्याचे हात हातात घेतले तर ते चांगले ऊन होते. ती सगळ्यांसमोर रडली, या वयात तिला त्याची लाजही वाटली नाही. घरी येऊन त्याने दोन ताटल्या लापशी खाल्ली आणि झोपला.

नाताळसाठी विणायला घेतलेला स्वेटर मग तिने घाईने पुरा केला. अंगात घालायला दुसरा धड नव्हता आणि थंडी दाराशी आली होती.

घाईत उलटी लागली, तिने ठरवलं. डोळेही पूर्वीचे राहिले नाहीत. ओस्मुनने स्वेटर काढून दिला आणि भिंतीजवळच्या लांब बाकावर जाऊन बसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, नवा स्वेटर अंगात गेला की मान खाजवत तो म्हणायचा, "उवा चावतात गं." दरवेळी तेच. तिला त्याचा वीट आला होता. आज तिने त्या वाक्याची वाट बघितली आणि ते आलं नाही, एवढंच.

३

उसवायला तिला अख्खी सकाळ लागली. मग तिने खिडकीपाशी टेबल ओढलं, स्वेटर उलटा करून पसरला आणि रेघेला पांढरा दोरा बांधून ठेवला, म्हणजे शंकाच नको. रेघ मुंढ्याच्या तळाला टाचली. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीला टाचला. मधल्या जागी इतक्या टाचण्या लावल्या की बोटं रक्ताळली. कच्चा दोरा घातला, सुलट करून बघितलं, मग पक्कं शिवलं. असं निगुतीने तिने आयुष्यात दुसरं काही शिवलं नसेल.

शिवून झाल्यावर तिने तो आधी स्वतःच्या अंगात घातला. मोठा होत होता, पण रेघ काखेखाली, जिथे हवी तिथे. आरशासमोर तिने हात वर-खाली करून बघितले.

मग ओस्मुनला घातला. रेघ वर आली.

घालताना ती टक लावून बघत होती, तरी कधी फिरली ते तिला कळलं नाही. स्वेटर गळ्यातून खाली आला, हात बाह्यांत गेले, बोटं मनगटाशी बाहेर आली, आणि तेवढ्यात बाही पिळवटून फिरली होती. कोपरापाशी कापडाला चुण्या पडल्या होत्या. तिने बाही धरून सरळ करायचा प्रयत्न केला. ती सोडली की हळूच परत वर यायची.

"ओढतंय का?" तिने विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "होईल. तुझा हात चांगला आहे."

तो पुन्हा बाकावर बसला. हल्ली तो तिथेच बसे. बाक भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतलेला, आणि दोन्ही हात पाठीमागे, त्या फटीत. भिंतीला चुलीची ऊब येते, असं त्याचं म्हणणं. ती खोलीत कुठेही गेली तरी त्याचं तोंड तिच्याकडे असे. त्याची पाठ आपण शेवटची कधी बघितली, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला ते आठवेना.

ओस्मुनच्या हाताचं माप तिने कधी फितीने घेतलं नव्हतं. तरुणपणी नाचाहून परतताना त्याने दंडात दंड अडकवला, तेव्हापासून ते माप तिच्या हातांत होतं. डोळ्यांनी फसवलं असतं, कानांनीही. हात कसे फसवतील? मन चिंती ते वैरी न चिंती, तसं तिचं झालं. भांडी घासताना तिने मनाशी पैज बांधली: बाही नीट बसली तर हा माझा ओस्मुन. नाही बसली तर? त्याच्या पुढे तिने विचार केला नाही. केला नाही म्हणजे, केला आणि भांडी जोरात आपटली.

४

बिर्गित आली तेव्हा ओस्मुन गोठ्यात होता. आगोतने कॉफी ठेवली, कडक भाकरी आणि तपकिरी चीज काढलं आणि स्वेटर नणंदेच्या मांडीवर टाकला. बिर्गितची नजर अशी की चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पुढच्या बाकावरच्या बाईचा सुटलेला टाका तिला दिसतो. तिने शिवण आतून बघितली, बाहेरून बघितली, अंगठ्याने चाचपली.

"यात काय वाईट आहे?" ती म्हणाली. "मला मेलीला अशी जमली नाही कधी."

आगोतच्या आग्रहावरून तिने तो घालूनही बघितला. रेघ काखेखाली. बिर्गित भावाएवढीच उंच आणि रुंद होती, लहानपणी दोघं एकमेकांचे कपडे घालत. तिला तो मापाने शिवल्यासारखा बसला. आगोतने तिला मग सगळं सांगितलं, रेघ कशी फिरते ते. बिर्गितला त्यात विशेष काही वाटलं नाही. पुरुषांना कपडे घालता येतात का, तिने विचारलं. तिच्या नवऱ्याने एकदा चर्चला जाताना तिचा परकर गळ्याला गुंडाळला होता, मफलर समजून.

आगोतने खिडकीबाहेर बघितलं. गोठ्याचं दार बंद होतं.

"बिर्गित, तुला तुझा भाऊ तसाच वाटतो?"

"तसाच म्हणजे?"

"गेला तसाच आला, असं वाटतं?"

बिर्गितने कप खाली ठेवला. तिचा नवरा नदीवर ओंडके सोडायच्या कामाला होता. एका वसंतात ओंडके अडकले, ते सोडवायला गेला आणि परत आला नाही. मिळालाही नाही. तेव्हापासून तिच्या पलंगावर एकच उशी होती, आणि तिने ती कधी मधोमध घेतली नाही, आपल्याच बाजूला ठेवली.

"आला ना तो?" ती हळू आवाजात म्हणाली. "माझा आला नाही, आगोत. कसाही आला असता तरी मी दार उघडलं असतं. आणि तू बाही वाकडी लागली म्हणून रडतेस?"

आगोतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली, कॉफी परत भरली. निघताना बिर्गितने तिचा गाल थोपटला आणि झोप नीट घे म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून आगोतने हा विषय कुणापाशी काढला नाही. आता त्या घरात ती होती, तो होता आणि स्वेटर होता.

५

शेजारचा तेलेफ चुकलेल्या मेंढ्या शोधायला शेवटचा वर जाऊन आला. मेंढ्या मिळाल्या नाहीत, पण मेंढपाळांच्या उन्हाळी खोपटाच्या मागे, एका सपाट दगडावर, त्याला एक स्वेटर मिळाला होता. गळ्याशी लावलेल्या जस्ती बटणांवरून त्याने ओळखला. तो त्याने आगोतच्या टेबलावर ठेवला आणि जरा अवघडून टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"बाह्या कुठायत?" आगोत म्हणाली.

"तेच ना. कोल्ह्याने नेल्या असतील."

आगोतने घडी उलगडली. स्वेटर तिचाच, तिने विणलेला, कोपरांपाशी वारा खाऊन करड्या पडलेल्या बाह्या तेवढ्या गायब. तिने मुंढ्याची कड उलटून बघितली. कुठे फाटलेलं नव्हतं, कुठे चावलेलं नव्हतं. मशीनची टीप जशीच्या तशी होती. बाही लावायला तिने घातलेला काळा दोरा तेवढा टाक्यांतून निघाला होता, टाक्यांची रिकामी भोकं ओळीने दिसत होती. शेवटाला ती नेहमी दुहेरी गाठ मारायची, दातांनी ओढून. इतकी घट्ट की उसवताना तिला स्वतःलाही कात्री लावावी लागे. तो गाठीचा दोरा खांद्याशी लोंबत होता, नागमोडी, अख्खा. गाठ कुणी तरी बसून सोडवली होती.

"घडी छान घातलीस," ती म्हणाली. आपण असं का म्हणतोय, हे तिला कळत नव्हतं.

"मी कुठे घातली? अशीच होती ती."

दाराशी हालचाल झाली. ओस्मुन उभा होता, तोंड त्यांच्याकडे, हात मागे.

"सापडला का," तो म्हणाला.

"बाह्या नाहीत रे त्याला," तेलेफ म्हणाला.

"त्या लागल्या."

मग ओस्मुनने सांगितलं की धुक्यात एका मेंढीचा पाय मोडला होता, तो बांधायला बाह्या काढल्या. तेलेफने सुटकेचा श्वास टाकला आणि मेंढी वाचली नाही का, अरेरे, असं काहीबाही म्हणत निघून गेला. आगोतनेही तो खुलासा दोन्ही हातांनी धरला. पाय मोडला असेल. बांधायला कापड हवंच. काळाकुट्ट अंधार, धुकं, गारठलेली बोटं; आणि ज्या माणसाला आयुष्यात कधी सुईत दोरा ओवता आला नाही त्याने तिची दुहेरी गाठ नखांनी सोडवली असेल, न तोडता. उरलेल्याची घडी घातली असेल. माणूस संकटात काय काय करतो.



६

मग तिने ते केलं जे करायचं नाही म्हणून इतके दिवस दुसरं सगळं करत होती. तिने बाह्या दुसऱ्यांदा उसवल्या आणि मुद्दाम उलट्या लावल्या. रेघ वर, खांद्याच्या शिवणीला. नव्या नवरीची चूक, या खेपेला जाणूनबुजून.

तिला मनापासून वाटत होतं की हे बसू नये. उलटी बाही कुणालाच बसत नाही. पुढून कापड गोळा होतं, मागून ताणतं, हात उचलवत नाही. ती हे सासूच्या हसण्यातून शिकली होती. शिवताना ती जवळजवळ प्रार्थना करत होती: बसू देऊ नको. नीट बसेल अशी बाही लावण्यात जन्म गेला, आणि आज न बसण्यासाठी देवाला साकडं. तिला स्वतःची कीव आली. टाके मात्र सरळ पडत होते. हातांना वाईट शिवताच येत नव्हतं.

ओस्मुनने हात वर केले. स्वेटर खाली आला. बाह्या या वेळी पिळवटल्या नाहीत. रेघ वळून काखेखाली गेली आणि तिथे राहिली. कोपराशी एकही चुणी नाही. फक्त खांद्याच्या मागच्या बाजूला, जिथे बोट घालायला जेमतेम जागा होती, तिथे कापड किंचित ताणलेलं होतं.

"आता आलं जवळ," तो म्हणाला. आवाज ओस्मुनचाच होता, प्रेमळ, जरासा घोगरा. "अजून थोडं. राहू दे पण. दमलीस तू."

त्याने स्वेटर काढून टेबलावर ठेवला. आगोतने मान हलवली. काहीतरी करायचं म्हणून तिने लाकडं आणायची टोपली उचलली आणि बाहेर पडली. गोठ्याच्या आडोशाला जाऊन ती रडली. कुणासाठी रडते आहे ते नीट सांगता आलं नसतं. वर दगडांमध्ये कुठेतरी कुणी अजून हाका मारत असेल, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि मग बर्फाकडे बघून तिने तो विचार पुसून टाकला. इतके दिवस कोण हाका मारतं?

७

परत येताना पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर बर्फाची काच धरली होती. एरवी तिने राख टाकली असती. त्या दिवशी टोपली जड होती आणि अंगात त्राण नव्हतं, म्हणून ती घराच्या मागून, लाकडांच्या ढिगाला वळसा घालून आली. मागे खोलीची एक लहानशी खिडकी आहे. तिच्यातून कुणी बघत नाही, कारण आत लगेच बाक येतो आणि बसलेल्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

दुपार होती, पण सूर्य डोंगराआड गेलेला. आत चुलीचा तांबूस उजेड होता. काचेपलीकडे हातभर अंतरावर ओस्मुनची पाठ होती.

पाठ आणि त्याचे हात. हात पाठीमागे होते, पण बांधल्यासारखे किंवा टेकल्यासारखे नव्हते. कोपरं मोकळी वाकली होती, तिच्या बाजूला, जशी पुढे मांडीवर काम घेऊन बसलेल्या बाईची वाकतात. तळवे समोरासमोर होते. त्यांच्यामध्ये नवा स्वेटर होता, मुंढा उलटून धरलेला, आणि उजव्या चिमटीत तिची सुई. चिमूट टाका घेत होती, दोरा ओढत होती, डाव्या हाताचा अंगठा पट्टी दाबून पुढे सरकत होता. न बघता, न अडखळता. ती स्वतः शिवते तसं. तीच लय, टाका घातल्यावर तोच एक हलका झटका.

त्याचं डोकं समोर, खोलीकडे होतं, दाराकडे. तिची वाट बघत असल्यासारखं.

तिने टोपली आवाज न करता खाली ठेवली. आत दोरा संपला. हातांनी गाठ मारली, दुहेरी. मग ते गाठ घेऊन वर गेले, मानेच्या मागे, केसांत, आणि दातांनी काहीतरी ओढल्याचा बारीक आवाज काचेतून आला.

८

पळून कुठे जायचं? बिर्गितकडे? बिर्गित म्हणेल, आला ना तो. तेलेफ टोपी फिरवेल. आगोत बर्फात किती वेळ उभी होती कोण जाणे, पण शेवटी पाय गारठले आणि ते आपले आपण दाराकडे वळले. माणूस सवयीने कुठेही जातो.

तिने दार उघडलं तेव्हा ओस्मुन खोलीच्या मधोमध उभा होता, अंगात नवा स्वेटर. तो त्याला असा बसला होता की तिच्या आतली शिवणारी बाई क्षणभर सगळं विसरून नुसती बघत राहिली. खांदा गोल, बाही सरळ, रेघ काखेखाली. कुठे फुगा नाही, ओढ नाही. इतक्या वर्षांत तिला अशी बाही एकदाही जमली नव्हती.

पैज तिला आठवली. बाही नीट बसली तर हा माझा.

त्याने बोट गळ्यात घालून मान खाजवली.

"उवा चावतात गं," तो म्हणाला.

अगदी तसंच, त्याच घोगऱ्या स्वरात. हे एक वाक्य ऐकायला तिने काय दिलं नसतं. आणि आता ऐकलं तेव्हा तिला कळलं की ते ओस्मुनच्या तोंडून ती पुन्हा कधीच ऐकणार नाही. ती खुर्चीवर बसली. चूल धगधगत होती. टेबलावर दोन कप होते, त्याने मांडलेले. तिला बिर्गितच्या पलंगावरची एका बाजूला ठेवलेली ती उशी आठवली.

तो तिच्याजवळ आला, समोरून. त्याने ऊन हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि अंगठ्याने तिच्या स्वेटरची शिवण चाचपली, तिने खूप वर्षांपूर्वी स्वतःसाठी शिवलेली. अंगठा मुंढ्याच्या कडेने हळूहळू फिरत काखेपाशी थांबला आणि शिवणीच्या थोडा आत, हाडापाशी, दाबला.

"तुझंही ओढतंय इथे," तो मायेने म्हणाला. "कधीपासून असंच घालतेस. काढ, बघू. मी नीट लावून देतो."

आगोतने त्याच्या तोंडाकडे बघितलं. ते तिच्या नवऱ्याचं तोंड होतं, आणि त्यावर तिच्याविषयी खरीखुरी काळजी होती. या जगात आता तेवढीच उरली होती.

तिने हात वर केले. स्वेटर डोक्यावरून निघताना क्षणभर डोळ्यांपुढे लोकरीचा काळोख येतो. त्या काळोखात त्याची पावलं तिला वळसा घालून गेली, मग टेबलावरून उसवायची छोटी कात्री उचलल्याचा आवाज आला, आणि तो आवाज तिच्या पाठीमागून आला.